एकशे एकसष्ट व्होल्टची ऊब

रोहिणीला आपल्याच गावचा हिवाळा माहीत नव्हता. चाळिशीला आलेली बाई, जन्म पाथर्डीच्या पूर्वेकडच्या डोंगराखालचा, लग्नही शेजारच्याच बोरीच्या वस्तीवर झालेलं. पण दसरा झाला की घरदार बंद करून ऊसतोडीला जायचं, ते थेट ऊन तापायला लागल्यावर परतायचं. लहानपणी आईबापामागून, नंतर नवऱ्याबरोबर. गावचा उन्हाळा तिनं पाहिला होता, पावसाळाही पाहिला होता. थंडी मात्र नेहमी दुसऱ्याच्या शिवारात, पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत.

यंदा ती गेली नाही. सासूच्या, भागूबाईच्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांत वेळेवर थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. रामहरी, तिचा नवरा, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून देवळाली प्रवरेकडे एकटाच गेला. ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा झाला, आणि दोन दिवसांत सगळी वस्तीच रिकामी झाली. मागं राहिली ती म्हातारी माणसं, कोंबड्या आणि रोहिणी.

पहिले काही दिवस ती नुसतीच हिंडली. सकाळी पाझर तलावावर धुकं बसलेलं असायचं, ते उठायला नऊ वाजायचे. बांधावरच्या बोरी लगडल्या होत्या. ज्वारी पोटरीत आली होती. हे सगळं दरवर्षी होत असणार आणि आपण कधी पाहिलंच नाही, याचं तिला नवल वाटे. पाण्याला गेली की अर्धा अर्धा तास ती तलावाच्या भिंतीवर बसून राही. तिचा स्वभावच तसा, तंद्री लागणारा. मोळी बांधता बांधताही ती कुठंतरी पोचलेली असायची. मुकादम तिला 'झोपेतली बाई' म्हणायचा, पण तिची मोळी कधी सैल सुटली नाही.

घराच्या पडवीत एक प्लायवूडची पेटी होती. अंडी उबवायचं मशीन. देवळालीच्या एका पोल्ट्रीवाल्यानं धंदा बंद केला तेव्हा रामहरीनं उन्हाळ्यात ते आणून टाकलं होतं. आत जाळीचे ट्रे, एक लहानसा पंखा, वरच्या बाजूला चिनी मातीच्या मण्यांवर ताणलेली तापणारी तार आणि ऊब पुरेशी झाली की वीज तोडणारी एक चकती. बाहेर फिकट अक्षरात लिहिलं होतं, '११५ वॅट'. दाराला काचेची खिडकी होती आणि आतला थर्मामीटर त्यातून दिसायचा.

"कोंबडी एका टायमाला बारा अंडी उबवती," रोहिणी सासूला म्हणाली, "ह्यात चौसष्ट बसत्यात."

"कोंबडी खुडूक बसली की तिला लाईट लागत न्हाई," भागूबाई म्हणाली. डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ती उन्हात बसली होती. पण तिनंच काठी टेकत वस्तीभर हिंडून अंडी गोळा केली. ज्याची अंडी, त्याला निम्मी पिल्लं, असं ठरलं. शेजारच्या पुंजाराम तात्यांनी बारा अंडी दिली. त्यांच्याकडची कोंबडी राखी ठिपक्यांची होती. ती जात त्यांच्या बायकोनं माहेराहून आणलेली. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

"हिचीच पिल्लं पायजेत बरं का," तात्या एवढंच म्हणाले आणि टोपली खाली ठेवून गेले.

एकवीस दिवस रोहिणी त्या पेटीजवळच राहिली म्हटलं तरी चालेल. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, वाटीतलं पाणी आटलं की भरायचं. सातव्या दिवशी तिनं अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी लावून एक अंडं समोर धरलं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका, हलणारा. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं, आपण हिवाळ्याच्या आत बघतोय.

काळजी एकाच गोष्टीची होती. थर्मामीटरवर साडेसदतीस अंश हवेत. पहाटे ते बरोबर असायचे. दहा वाजले की पारा खाली यायला लागायचा आणि दुपारी चौतीसवर येऊन बसायचा. पेटीतली तार तर चालूच असायची, चकतीनं वीज तोडलेली नसायची. तिनं पेटीवर गोधडी घातली. एखाद दुसरा अंश वाढला, पण पुरला नाही.

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. चोविसाव्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली, ओली, पाय फाकवून पडलेली. बाकीच्या अंड्यांतून काहीच हालचाल नाही. भागूबाईनं एक अंडं फोडायला लावलं. आत पूर्ण पिल्लू होतं. चोच, नखं, पाठीवरची लव, सगळं काही तयार, फक्त जीव नव्हता.

रोहिणीनं ती अंडी बांधाच्या कडेला खड्डा करून पुरली. तात्यांच्या बारांतलं एकही उमललं नव्हतं. ती सांगायला गेली तेव्हा ते दारात तुरीच्या शेंगा सोलत होते.

"असू दे," ते म्हणाले. मग शेंगा सोलतच राहिले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

रामहरीला फोन केला. त्यानं पोल्ट्रीवाल्याला विचारून उलटा फोन केला. "तार म्हातारी झालीया म्हनतो. जरा लांब तार टाका, म्हंजी जास्त तापंल."

दुसऱ्या दिवशी रोहिणीनं पेटीतली तार मण्यांसकट सोडवली, पिशवीत घातली आणि जीपनं पाथर्डीला गेली. एसटी स्टँडच्या मागं आबासाहेबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. साठी उलटलेला माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, चारी बाजूंना विहिरीतल्या जळक्या मोटारी. तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास भरून राहिलेला.

"आबा, ही तार बदलून लांब टाकून द्या," ती म्हणाली.

"का वं?"

"म्हातारी झालीया."

आबासाहेब हसले. "तार म्हातारी झाली का न्हाई हे तारेलाच विचारू की."

त्यांनी भिंतीवरून एक फळी काढली. फळीवर दोन गोल घड्याळं होती, प्रत्येकाला एक काटा. एकावर व्ही लिहिलेलं, दुसऱ्यावर ए. तार त्यांनी फळीच्या मागच्या पट्टीत अडकवली आणि बटण दाबलं. दोन्ही काटे उठले, जरा थरथरले आणि थांबले.

"वाच," ते म्हणाले.

"दोनशे तीस. आन् हितं... अर्धा."

"दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. व्होल्ट म्हंजी मागनं ढकलनारा जोर. अँपिअर म्हंजी तारेतून खरंच किती करंट धावतोय ते. आता जोराला धावेनं भाग. जे येतं ती तारेची अडवनूक. तिला ओहम म्हनत्यात."

रोहिणीनं मनात भागलं. अर्ध्यानं भागायचं म्हणजे दुप्पट. "चारशे साठ."

आबासाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "शाळा किती?"

"धावीत नापास. विज्ञानात. लाईटचा धडा दिवाळीनंतर शिकवायचे, तवा आमी कोपीवर असायचो."

"बरं. आता त्याच दोन आकड्यांचा गुनाकार कर."

"एकशे पंधरा," ती म्हणाली आणि तिला पेटीवरची फिकट अक्षरं आठवली. "एकशे पंधरा वॅट. पेटीवर तेच लिवलंय."

"म्हंजी तार ठनठनीत हाय. भागलं की अडवनूक, गुनलं की ऊब. एवढंच हाय बघ सगळं. तुझ्या घरी दुपारी काय हुतंय ते मला हितं बसून कळायचं न्हाई. ही फळी घिऊन जा. तार पुन्हा बसीव, पेटीची पिन ह्या फळीत घाल, फळीची पिन भिंतीत. पंखा येगळ्या पिनवर ठेव, न्हाईतर त्याचा करंट मधी मिसळंल. हात कोरडं ठेवायचं. अन् चार दिवस नुसतं लिहीत जा."

फळी मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली. वाटेतला उतार उतरताना बाहेर कापूस पांढरा दिसत होता आणि तिच्या डोक्यात दोन शब्द फिरत होते, भागलं, गुणलं. वस्तीचा फाटा मागं गेल्याचं तिला दोन किलोमीटरनंतर कळलं. ती चालत परत आली.

मग चार दिवस तिनं नुसते आकडे लिहिले. भागूबाईच्या औषधाच्या फाईलचा मागचा कागद होता, त्यावर. पहाटे सहाला दोनशे तीस आणि अर्धा. आठला दोनशे सात, पंचेचाळीस शतांश. दहाला, विहिरींच्या मोटारींना थ्री फेज आली की, दोन्ही काटे एकदम खाली यायचे. घरातला बल्ब पिवळा पडायचा. दुपारी एकला एकशे एकसष्ट व्होल्ट आणि पस्तीस शतांश अँपिअर.

तिनं पस्तीस शतांशानं एकशे एकसष्टला भागलं. चारशे साठ.

तिला वाटलं आपलं चुकलं. पुन्हा केलं. पहाटेचे आकडे भागले, चारशे साठ. आठचे भागले, चारशे साठ. एखाद्या वेळी काटा वाचण्यात डोळा हलला तर चारशे अठ्ठावन्न, चारशे त्रेसष्ट. पण फिरून फिरून आकडा तिथंच येत होता. दिवसभर जोर चढत होता, उतरत होता, करंट त्याच्या मागं मागं जात होता आणि तार आपल्या जागी तशीच होती. तिला त्या तारेचं फार बरं वाटलं. पडवीतल्या खांबाला टेकून ती तशीच बसून राहिली, कागद मांडीवर. डोळे मिटले तेव्हा तिला डीपीपासून, गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून निघालेली लाईन दिसली. ज्वारीवरून, बोरींवरून, खांबामागून खांब ओलांडत येणारी. वाटेत प्रत्येक विहीर तिच्यातला थोडा थोडा जोर काढून घेत होती आणि सगळ्यात शेवटी, डोंगराला टेकलेलं आपलं घर होतं.

"झोपली का गं?" भागूबाईनं विचारलं.

"न्हाई आत्या. हिशोब करतीया."

मग तिनं गुणाकार केला. एकशे एकसष्ट गुणिले पस्तीस शतांश. छप्पन्न आणि वर थोडं. पहाटे एकशे पंधरा वॅट, दुपारी छप्पन्न. ती कागदाकडं बघतच राहिली. जोर तीसच टक्के कमी झाला होता आणि ऊब निम्म्यावर आली होती. ढकलणाराही कमी, धावणाराही कमी, म्हणून दोन्हीकडून मार. रोज दहापासून संध्याकाळपर्यंत ती अंडी निम्म्या उबेत पडून होती.

चूक तिची नव्हती, तारेचीही नव्हती. हे कळल्यावर तिला रडू आलं. कुणाची चूक नसताना ती पिल्लं अंड्यात तशीच राहिली होती.

लांब तारेचा विचार तिनं त्याच दिवशी कागदावर करून पाहिला. दुप्पट लांब तार, म्हणजे अडवणूक दुप्पट, नऊशे वीस. करंट निम्मा. गुणाकार आला अठ्ठावीस. उन्हात बसलेल्या सासूला तिनं सांगितलं, "आत्या, लांब तार टाकली असती तर अजून गार झालं असतं."

"मंग आखूड टाक."

"आखूड तार पहाटेच्या जोरात लई तापंल, जळून तुटंल. येगळंच काय तरी पायजे."

ते 'वेगळं काही' तिला दोन दिवस सुचत नव्हतं. सुचलं ते तलावाच्या भिंतीवर. सांडव्याच्या तोंडाशी दगड अडकून पाणी हळू चाललं होतं. शेजारी कुणीतरी पूर्वी दुसरी चारी खणून ठेवली होती, तिच्यातूनही तितकंच पाणी निघालं होतं. ती उठली आणि घरी आली. एकाच तारेतून जास्त करंट जात नसेल, तर शेजारी तसलीच दुसरी तार लावायची. प्रत्येकीतून पस्तीस शतांश, दोघींतून मिळून सत्तर. एकशे एकसष्ट गुणिले सत्तर शतांश. एकशे बारा पूर्णांक सात.

पाथर्डीला जाऊन तिनं कागद आबासाहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "अन् पहाटे, पुरे व्होल्ट आल्यावर? दोन तारा म्हंजी दोनशे तीस वॅट. पिल्लं भाजतील की."

"चकती हाय ना आबा. ऊब पुरली की ती लाईट तोडंल. पहाटे लवकर तोडंल, दुपारी उशिरा."

"चकतीला एक अँपिअर झेपतोय का बघितलं?"

तिनं ते बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती चकती सोडवून घेऊन आली. आबासाहेबांनी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. झेपत होतं. मग त्यांनी तसलीच तार मोजून घेतली, चारशे साठ ओहमची, फळीवर लावून तिच्याकडूनच खात्री करून घेतली आणि दुसरे मणी काढून दिले. जोडणी शिकवताना ते मध्येच थांबले.

"स्टॅबिलायझर बी चालला असता," ते म्हणाले. "पर हे बरं हाय. हे तुझ्या डोक्यातनं आलंय."

दुसऱ्या खेपेला अंडी मागायला जायचं रोहिणीच्या जिवावर आलं होतं. ती पुंजाराम तात्यांच्या दारात उभी राहिली. तिनं आकड्यांचा कागदच पुढं केला. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, परत दिला आणि आत गेले. आले तेव्हा टोपलीत अकरा अंडी होती.

"एक फुटलं माझ्या हातनं," ते म्हणाले.

यावेळी दुपारी एकला थर्मामीटर साडेसदतीसवर होता. रोहिणीनं काचेला कपाळ लावून पाहिलं. बाहेर बल्ब पिवळा होता, विहिरींवरच्या मोटारी घुमत होत्या, ए लिहिलेल्या घड्याळातला काटा सत्तर शतांशावर होता, आणि आत दोन तारा मंद तांबूस दिसत होत्या. संध्याकाळी थ्री फेज गेली की चकती टक् करून वाजायची. मग थोड्या वेळानं पुन्हा टक्. त्या आवाजाची तिला सवय झाली. हातात काम असो, भाकरी तव्यावर असो, टक् झालं की तिच्या ओठांवर आकडे यायचे.

एकदा वीजच गेली, सकाळी अकराला, ती चार वाजता आली. तेव्हा गणिताचा काही उपयोग नव्हता. तिनं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ट्रेखाली ठेवल्या, पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या आणि तिथंच बसून राहिली. भागूबाईही येऊन बसली. एक बाटली गार झाली की दुसरी. असे पाच तास गेले. मध्येच भागूबाई म्हणाली, "खुडूक कोंबडी अशीच बसती. तिला बी उठावंसं वाटत असंल."

विसाव्या दिवशी सकाळी भागूबाईनं रोहिणीला हाक मारली. तिच्या डोळ्यांची पट्टी निघाली होती, पण ती पेटीला कान लावून बसली होती. "ऐक," ती म्हणाली.

अंड्यांच्या आतून आवाज येत होता. बारीक, बंद दारामागून यावा तसा. रोहिणीनं कान लावला. एक, मग दुसरा, मग कितीतरी. कवच अजून कुठंच फुटलं नव्हतं. आत असतानाच ती एकमेकांना साद देत होती. सासू आणि सून, पेटीच्या दोन बाजूंना कान लावून, उन्हं अंगणात येईपर्यंत तशाच बसल्या.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत चौसष्टांतली त्रेपन्न अंडी उमलली. बाहेर येताना ओली असलेली पिल्लं संध्याकाळपर्यंत कापसासारखी फुलली. तात्यांच्या अकरांपैकी नऊ आली, त्यांतल्या पाचांच्या पाठीवर राखी ठिपके होते. ठरल्याप्रमाणे निम्मी त्यांची. रोहिणीनं ती पाचही ठिपक्यांची टोपलीत घालून नेऊन दिली. तात्यांनी एक पिल्लू ओंजळीत धरलं आणि उन्हाकडं पाठ करून उभे राहिले. ती परत आली.

वस्तीवर बातमी फिरली, मग खालच्या गावात गेली. बायका अंडी घेऊन यायला लागल्या. कुणी म्हणाली, आमची इस्त्री तापत नाही, कुणाची पाणी तापवायची शेगडी दुपारी गार. रोहिणी फळी घेऊन जाई. कुठं तार खरोखरच बाद झालेली असे, मग भागाकार भलताच येई. कुठं नुसताच जोर कमी. ती ज्याचं त्याला स्पष्ट सांगे. फळी आबासाहेबांनी परत मागितलीच नाही. उलट फेब्रुवारीत त्यांनी निरोप पाठवला, आठवड्यातून तीन दिवस दुकानात बस, वाइंडिंग झालेल्या मोटारी तपासायला माणूस पाहिजे. भागूबाईला आता दिसत होतं. ती म्हणाली, पेटीकडं मी बघते.

रामहरी पाडव्याच्या आधी आला. ट्रॅक्टर फाट्यावर लावून चालत घरी पोचला तेव्हा अंगणात पिल्लंच पिल्लं होती आणि बायको पडवीत नव्हती. ती संध्याकाळच्या जीपनं पाथर्डीहून आली. हातांना वार्निशचा वास, पदराला तांब्याचा एक बारीक तुकडा अडकलेला.

जेवण झाल्यावर तिनं त्याला पेटी दाखवली. दोन तारा, दोन काटे. तो काचेतून पाहत राहिला.  मग म्हणाला, "दसऱ्याला मुकादमाला काय सांगायचं?"

"मी येत न्हाई म्हनून सांगा."

"मी एकटाच जाऊ?"

"ट्रॅक्टरला एकच ड्रायव्हर लागतो की."

तो हसला. मग त्यानं थर्मामीटरकडं बोट करून विचारलं की हा किती हवा, आणि रोहिणी सांगायला लागली. सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि तिची नजर पेटीच्या काचेपलीकडं कुठंतरी गेली. रामहरीला ते ओळखीचं होतं. ती परत येईपर्यंत तो शेजारी बसून राहिला.